वाघदरीच्या खडकावरचे कपडे

१

कपडे पहिल्यांदा मला दिसले. वाघदरीच्या धबधब्याखाली, कुंडाच्या कडेला, एका सपाट खडकावर नीट घडी करून ठेवलेले. काळा कोट, सदरा, धोतर, सगळ्यांवर टोपी, आणि खाली चपलांचा जोड. मी म्हटलं, "कोण बाई हा हौशी, एवढ्या गार पाण्यात उतरलाय?" आणि हसले. त्या हसण्याची मला लाज वाटत नाही. तोवर कुणालाच काही कळलं नव्हतं.

छप्पन साल होतं. पहिल्या नोव्हेंबरला आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. एक आंध्राला, एक म्हैसूरला, एक मुंबईला. शहरातल्या आमच्या बरकतपुऱ्यातली निम्मी मराठी घरं सरकारी नोकरीतली, म्हणजे निम्मी घरं उठणार. इथल्या मराठी मंडळानं ठरवलं, पांगायच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून वाघदरीला जाऊन यायचं. निजामाबादच्या पुढच्या जंगलातली सरकारी रानबाग ती. फाटकाशी चौकीदार, कड्यावर लोखंडी कठडे, दरीत उतरायला दगडी पायऱ्या. धबधबा इतका उंच, की मान वर करून बघताना माझा अंबाडा सुटला. एरवी अशा ठिकाणी माणसं हसतात, ओरडतात, एकमेकांवर पाणी उडवतात. आम्ही नुसते बघत उभे राहिलो. "तुमचं कुठं ठरलं?" हे विचारून विचारून सगळ्यांची तोंडं दुखून गेली होती, दुसरं बोलायला काही नव्हतं.

पहाटे बस निघाली तेव्हाच्या दोन गोष्टी सांगते. आमच्या शेजारचे नामदेवराव बोधनकर, काचीगुड्यात औषधांचं दुकान आहे त्यांचं, ते नेहमीप्रमाणे उशिरा आले. गालाला साबणाचा फेस तसाच. आंघोळ धबधब्यावरच करीन म्हणाले, तर बायकांनी नाकं मुरडली. आणि त्यांचा धाकटा भाऊ माधव, सचिवालयातला कारकून, तो खिडकीशी चपला काढून, पाय वर घेऊन, मांडी घालून बसला होता. मांडीवर कापडी पिशवी. मी म्हटलं, "अरे, ठेव की खाली ती." तो म्हणाला, "राहू द्या, अक्का." वाटेत सगळ्यांनी चहा घेतला, भजी खाल्ली. तो उतरला नाही.

वर कठड्याशी दोघा भावांचं वाजलं. नामदेवराव ओरडले ते धबधब्याच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं: "बाण आईनं मला दिलाय, विषय संपला!" बोधनकरांच्या देव्हाऱ्यातला नर्मदेचा बाण, म्हणजे अंगठ्याएवढा गुळगुळीत काळा दगड, त्यांच्या घराण्याचा शंकर. राज्याची वाटणी दिल्लीत बसून करता येते. देवाची कशी करणार? माधवला औरंगाबाद मिळण्याची चिन्हं होती आणि मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, देव थोरल्याकडे असा निकाल देऊन टाकला होता. पूजा मात्र लहानपणापासून माधवनंच केलेली.

त्यानंतर माधव दिसला नाही. मग मला खडकावरचे कपडे दिसले.

त्याची बायको इंदुमती पायऱ्या उतरून आली. वाकून तिनं कोटाची कॉलर उलटी करून बघितली. "ह्यांचेच," ती म्हणाली, आणि कपड्यांशेजारी बसली. रडली नाही, ओरडली नाही. तिथंच बसून राहिली.

२

कुंडात गळ टाकले, कोळी उतरवले. दोन दिवस नामदेवराव काठावर बसून होते. काही सापडलं नाही. कोळी म्हणाले, खाली कपारी आहेत, माणूस अडकला की वर येत नाही.

घरी सुतक धरलं. मालनबाईंनी देव्हाऱ्यावर पांढरं फडकं टाकलं. सुतकात घरच्यांनी देवाला शिवायचं नाही, आणि त्यांच्यात बायकांनी तर एरवीही नाही. गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. भांडण सगळ्यांनी ऐकलेलं, भाऊ भावाच्या शेजारी उभा होता हे सगळ्यांनी पाहिलेलं. दुकानावर गिऱ्हाईक येईना. सचिवालयातला दत्तोबा, माधवचा दोस्त, त्याच्याकडेही बोटं वळली, कारण हैदराबादेतच राहता येईल अशी नोकरीची एकच जागा उरली होती आणि ती दोघांनी मागितली होती. माधव गेला, जागा दत्तोबाला.

माझं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. मी इंदुमतीच्या हातांकडे बघत होते. मालनबाईंनी जाहीर केलं होतं: दहाव्याला पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, आणि त्याच दिवशी सुनेच्या बांगड्या फोडून कुंकू पुसायचं. बांगड्या फोडायला बसवतात त्या पाटावरून मी स्वतः उठलेली बाई आहे. ऐन तारुण्यात. मला विचारा, तो पाट काय असतो. उठताना आपण असतो, पण घरातलं कुणी आपल्याकडे बघत नाही.

माझा थोरला भाऊ नरहर वकील. मी आणि तो एकाच घरात राहतो. उभी हयात त्यानं उर्दूत वकिली केली, मग पोलीस ॲक्शन झाली, कोर्टाची भाषा इंग्रजी झाली आणि आमचे वकीलसाहेब ओसरीवर येऊन बसले. तोच मालनबाईंना म्हणाला, "वहिनी, अंग सापडलं नाही. शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट बघायची असते."

"हरवलेल्याची बघायची, वकीलसाहेब. बुडालेल्याची नव्हे," मालनबाई म्हणाल्या. "कपडे तुमच्या बहिणीनंच पाहिले ना?"

नरहर आला तसा परत फिरला, कप्पाळ.

मागच्या अंगणात इंदुमती तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "अक्का, मला काही वाटतच नाही. सगळ्या म्हणतात, रड, मोकळी हो. मला येतच नाही. मी वाईट आहे का हो?"

"नाही गं," मी म्हटलं.

"बांगड्या फोडतील तेव्हा तरी काही वाटेल का?"

मी सूप माझ्याकडे ओढलं. तांदळातले खडे वेचत राहिले.

३

आठव्या दिवशी मालनबाईंना देवाची दया आली. मेल्या मुलाचं सुतक, पण देव उपाशी किती दिवस ठेवायचे? अशा वेळी भिन्न गोत्राच्या माणसाकडून पूजा करून घेतात. त्यांनी नरहरला बोलावलं.

हा माझा भाऊ घरात देवाला हात जोडतानाही वर्तमानपत्र काखेत धरतो. पण शेजारधर्म. आंघोळ करून, सोवळ्याचा मुकटा नेसून गेला. मी दाराबाहेर उभी राहिले, फुलं द्यायला.

त्यानं फडकं काढलं. चांदीच्या वाटीत बाण असतो, त्यावर बेलाची रास. बेल वाळून तांबडा झाला होता. नरहरनं तो हातानं उचलून बाजूला केला आणि तसाच थांबला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

त्यानं बेल खाली ठेवला. मग हळूच वाटी माझ्याकडे वळवली. आत अक्षता होत्या. अक्षतांवर एक सुपारी होती.

बाण नव्हता.

४

मूर्ती नसली की तिच्या जागी सुपारी मांडून देवाचं आवाहन करतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे बाण कुणी चोरून फेकला नव्हता. कुणीतरी व्यवस्थित मंत्र म्हणून तो उचलला होता आणि जागा रिकामी राहू नये म्हणून सुपारी मांडली होती.

मालनबाईंच्या कानावर घालताच त्या थोरल्यावर घसरल्या. "तूच! दुकानात नेऊन ठेवलास!"

नामदेवराव ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "आई," ते म्हणाले, "लोक म्हणतात मी भाऊ मारला. तू म्हणतेस मी देव चोरला. दोन्ही लावा माझ्या नावावर. मला आता काही फरक पडत नाही."

नरहर त्यांच्यासमोर बसला. "क्या नामदेवराव, एक सांगा. सहलीच्या पहाटे तुम्ही देव्हाऱ्याकडे गेला होता?"

"कुठला जातो? उठायलाच उशीर झाला. आंघोळसुद्धा नव्हती केली. सगळ्या बसनं पाहिलं."

"मग पूजा?"

"माधवनं केली. अंधारातच उठला होता."

"आणि कड्यावर? भांडणानंतर?"

"मी चिडून चौकीदाराच्या खोपटाकडे गेलो, विडी ओढत बसलो. परत आलो तर तुम्ही सगळे खाली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "शेवटचं बोललो ते तेवढंच. विषय संपला."

दत्तोबाकडे आम्ही संध्याकाळी गेलो, अंबरपेठेत. वकील दारात बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वकीलसाब, मी काही केलं नाही. ती जागासुद्धा नक्को मला."

"तुम्ही केलं असं कोण म्हणतंय? पाहिलं काय ते सांगा."

"भांडण झालं तसा तो पायऱ्यांकडे गेला. म्हणाला, आंघोळ करून येतो. मी कठड्यावरून बघत होतो. अनवाणी उतरत होता. एका हातात चपला. मी ओरडलो, अरे, घाल की, दगड टोचतील. तर म्हणाला, आज नक्को."

"पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"शेवटचा मीच पाहिला म्हटलं असतं, तर?" दत्तोबानं मान खाली घातली. "जागा मला मिळतेय, वकीलसाब."

"बरं. आणि दुसऱ्या हातात?"

"हात मोकळा होता. पिशवी होती, पण ती गळ्यात. छातीशी धरलेली."

नरहरनं माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. त्या खडकावर कोट होता, सदरा, धोतर, टोपी, चपला. पिशवी नव्हती. इतक्या माणसांनी ते कपडे पाहिले, हळहळले, आणि पिशवीची आठवण एकालाही झाली नाही. मला धरून.

५

घरी आल्यावर नरहरनं तपकीर ओढली, शिंकला, आणि कोर्टात बोलायचा तसा बोलायला लागला. बऱ्याच वर्षांनी.

"सुशे, बेल वाळलेला होता. म्हणजे सुपारी मांडली ती शेवटच्या पूजेला, सहलीच्या पहाटे. त्यानंतर फडकं पडलं, सुतकात कुणी शिवलं नाही. त्या पहाटे नामदेवराव बिनआंघोळीचे. मारून टाकलं तरी तो माणूस पारोसा देवाला हात लावणार नाही. बायका देव्हाऱ्याला शिवत नाहीत. राहिला कोण?"

"माधव."

"आता बस आठव. चपला काढून, पाय वर घेऊन बसला. वाटेत पाणी घेतलं नाही. दगडांतून अनवाणी उतरला, चपला हातात. का? अंगावर देव असताना कातडं पायात घालवेना त्याला. पिशवीत बाण होता."

"अरे, पण देव घेऊनच बुडाला असेल तर?"

"एका दिवसाच्या सहलीला देव कोण नेतं? संध्याकाळी परत येणारा नेत नाही. मरायला निघालेला तर मुळीच नाही. पिढ्यांचा शंकर आपल्याबरोबर बुडवील माधव? तो? देव घेऊन घर कोण सोडतं, सांग. ज्याला दुसरीकडे राहायचंय, आणि रोज पूजा करायचीय, तो. अगं, सगळं जमवलं होतं त्यानं. पिशवीत बदलायला दुसरं धोतर घेतलं, कपडे ठेवले, चपला ठेवल्या. आपण मेलो की घरात सुतक धरतील, देव्हारा दहा दिवस कुणी उघडणार नाही, हेही ओळखलं. एवढंच विसरला, की सुतकात शेजारी बोलावतात."

मला आनंद व्हायला हवा होता. माणूस जिवंत निघाला की आनंद होतो म्हणे. मला तो झाला नाही. मी म्हटलं, "मग आहे कुठे तो?"

"दरीच्या खालच्या अंगानं गाडीवाट स्टेशनाला जाते. तिथून गाडी इकडे येते ती हैदराबादला, इथं त्याला कुत्रंही ओळखतं. तिकडे जाते ती औरंगाबादेकडे, तिथं आता निम्मं ऑफिस जाणार. मधे कुठं नदीचं पाणी रोज मिळेल, बेल मिळेल, धर्मशाळा असेल, आणि परका माणूस घाटावर पूजा करत बसला तर कोण कुठला म्हणून कुणी विचारणार नाही?"

हे काय मला सांगायला हवं होतं? बासर. गोदावरीवर.

मालनबाईंना मी थाप मारली. म्हटलं, दहाव्याच्या आधी सुनेला गोदेचं स्नान घालून आणते. ते त्यांना पटलं. इंदुमतीला गाडीत खरं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघितलं आणि एवढंच विचारलं, "जेवत असतील ना वेळेवर?"

६

उन्हं उतरली होती. घाटावर माणसांची गर्दी. बासरला सरस्वतीपुढे पोरांची पहिली अक्षरं गिरवून घ्यायला हैदराबादेहून रोज कुणी ना कुणी आलेलं असतं. खालच्या पायरीवर एक माणूस ताम्हन घासत होता. डोक्याला पंचा गुंडाळलेला, दाढी वाढलेली. समोर पाटावर बाण.

माधवनं मान वर केली. दचकला नाही, पळाला नाही. "बसा, आप्पा," तो नरहरला म्हणाला. जणू आम्ही पानसुपारीला आलो होतो.

नरहर बसला. "का रे बाबा?"

"कंटाळा आला."

"कशाचा?"

"सगळ्याचा. ऑफिस म्हणतं तुम्ही तिकडचे. आई म्हणते देव इकडचा. रोज उठून तेच. एक दिवस लक्षात आलं, मला कुणाचंच काही वाटत नाही. आईचं, दादाचं, हिचं, कुणाचंच. पूजेला बसलो की तेवढं बरं वाटतं. वाघदरीचं ठरलं आणि म्हटलं, आपण नसलो तर? मरायचं नव्हतं, आप्पा. नुसतं नसायचं होतं."

"आणि भावावर खुनाचा आळ आला, त्याचं काय?"

माधवनं ताम्हन पाण्यात बुडवून काढलं. "ते ध्यानात आलं नव्हतं."

तेव्हा इंदुमती बोलली. पायरीवर उभी होती, पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर घेतलेला. "उद्या माझ्या बांगड्या फोडणार आहेत."

त्यानं ताम्हन पाटाशेजारी ठेवलं.

"तेही ध्यानात आलं नव्हतं?"

"नाही," तो म्हणाला. खरंच सांगत होता, तेच तर वाईट.

"मग एकदा चला. आईंना तोंड दाखवा. मी तुम्हाला घरी राहा म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी खुशाल या परत इथं."

"जमणार नाही, इंदू. गेलो की परत सुटका नाही. मी मेलोय, तसंच राहू दे. एवढं कर माझ्यासाठी."

एवढं!  म्हणे एवढं! एका बाईनं जन्मभर भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि ह्याचं ते एवढं!

नरहर उठला. "मी जाऊन सांगतो पोलिसांना. वकील आहे मी."

"सांगा, आप्पा. तुम्ही याल तोवर मी इथं नसेन." त्याचा आवाज शांत होता. "आणि घरी सांगाल तर आई मानणार नाही. पळून गेलेल्या मुलापेक्षा बुडालेला बरा वाटेल तिला. कपडे सगळ्यांनी पाहिलेत. मला तुम्ही तिघांनीच पाहिलंय."

यात खोटं काही नव्हतं. मालनबाईंना मी ओळखते. नरहर परत पायरीवर बसला. माधव फडक्यानं बाण पुसायला लागला, आमचं बोलणं झालंच आहे अशा बेतानं.

इंदुमतीनं त्याच्याकडे बघितलं. मग घाटाकडे. पोरं, त्यांच्या आया, पुजारी, फुलवाल्या. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेते, तेही लाजत, बायकांत. ती दोन पायऱ्या वर चढली, पदर डोक्यावरून मागे पडला, तो तिनं सावरला नाही.

"माधव!"

सगळा घाट वळला.

"माधव हणमंतराव बोधनकर! हा बघा! बरकतपुऱ्याचा! हा बुडाला नाही! माझा नवरा आहे हा, जिवंत आहे! बघून घ्या सगळ्यांनी! माधव हणमंतराव बोधनकर!"

इतका मोठा आवाज तिचा कधी कुणी ऐकला नसेल. मीही नाही. माधवनं पंचा तोंडावर ओढायला हात उचलला, तोच वरच्या पायरीवरून एक बाई नातवाचा हात धरून भराभर खाली उतरली. अंबरपेठेतल्या पद्मावतीबाई. मालनबाईंच्या भजनातल्या. "अगंबाई! हा तर मालनचा माधव! मेल्या, आम्ही तुझ्या आईला भेटून आलो की रे रडून!"

मग काय, माणसांचं कडं पडलं. कुणी मराठीतून बोलतंय, कुणी तेलुगूतून, कुणी "क्या हुआ, क्या हुआ" म्हणतंय. मधोमध माधव बसलेला, बाण मुठीत. इंदुमती नाव घेतच होती. पहिल्यांदा रागानं, मग नुसतंच. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती हमसून हमसून रडत होती, इतक्या दिवसांचं एकदम.

पद्मावतीबाई संध्याकाळच्याच गाडीनं परतल्या. आम्ही सकाळच्या. माधव आमच्याबरोबर नव्हता, बाणही नव्हता. तो कुठं गेला हे इंदुमतीनं विचारलं नाही आणि आम्ही शोधलं नाही.

बरकतपुऱ्यात टांगा थांबला तेव्हा ऊन वर आलं होतं. अंगणात पळसाची पानं तशीच पडलेली, विधीला बोलावलेले जोशीबुवा केव्हाच निघून गेलेले; पद्मावतीबाईंनी बातमी आधीच पोचवली होती. नामदेवराव दुकानाच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडत होते. आम्हाला बघून थांबले आणि इंदुमतीसमोर हात जोडले.

मालनबाई दारात आल्या. काहीतरी कडू बोलणार, असं मला वाटलं. मी कंबर कसून उभी होते. त्यांनी सुनेच्या कपाळाकडे पाहिलं, मग हातांकडे. बराच वेळ पाहिलं. मग त्या दारातून बाजूला झाल्या, आणि इंदुमती आत गेली.